‘के’ फॉर कुमार! स्लायडरपेक्षा जास्त वळणांचा रस्ता

माहीत आहे का? अमेरिकेतल्या बेसबॉलच्या सगळ्यात वरच्या पायरीवर, म्हणजे थेट मेजर लीगमध्ये, टेक्सास रेंजर्सकडून एक सहा फूट पाच इंचांचा धिप्पाड पिचर, म्हणजे तिकडचा गोलंदाज, उतरला आणि त्याच्या नावाची घोषणा झाली... कुमार! टोपणनाव नाही, लाडाचं नाव नाही, खरंखुरं नाव. कुमार रॉकर.

‘रॉकर’ ऐकून गिटार आठवली? थांबा, याच्या हातात गिटार नाही, चेंडू आहे. पण स्टेडियम डोक्यावर घ्यायला लावण्याचं काम तेच!

आता नावाची गंमत. कुमारचे आईकडचे आजी-आजोबा भारतातून अमेरिकेत गेलेले. आईचं माहेरचं आडनाव कुमार. लग्नानंतर माहेरचं आडनाव बहुतेक वेळा मागच्या बाकावर जाऊन बसतं. इथे ते थेट मुलाच्या नावात, पुढच्या सीटवर! एका आडनावाला इतकी सुंदर बढती मिळालेली मला तरी दुसरीकडे दिसली नाही.

आणि बाबा? ट्रेसी रॉकर. अमेरिकन फुटबॉलमधलं मोठं नाव. ऑबर्न विद्यापीठाकडून खेळताना १९८८ साली त्यांनी आउटलँड आणि लोम्बार्डी या दोन्ही ट्रॉफ्या एकाच मोसमात पटकावल्या. पुढे ते कोच झाले, अगदी एनएफएलच्या फिलाडेल्फिया ईगल्सपर्यंत पोहोचले. समोरच्याला आडवं करणं हा बाबांचा धंदा. मुलानं घराण्याची परंपरा राखली. फरक इतकाच की तो अंगाला हात न लावता, लांबूनच समोरच्याला घरी पाठवतो.

किती लांबून, माहीत आहे का? १८.४४ मीटर. आपली क्रिकेटची खेळपट्टी स्टंपपासून स्टंपपर्यंत २०.१२ मीटर. शिवाय पिचर उभा असतो २५ सेंटिमीटर उंच मातीच्या ढिगावर. चेंडू टप्पा खात नाही, थेट फुलटॉस येतो. ताशी दीडशे किलोमीटरच्या पुढचा फुलटॉस! फलंदाजाकडे वेळ असतो साधारण ०.४ सेकंद. तेवढ्यात तुमचं ‘माहीत आहे का’सुद्धा बोलून होत नाही.

बरं, तो ढीग पूर्वी १५ इंचांचा होता. १९६८ मध्ये पिचर मंडळींनी फलंदाजांना इतकं छळलं, की पुढच्याच वर्षी तो १० इंचांवर आणावा लागला. गोलंदाजांच्या पायाखालची माती खरोखर काढून घेतली!

चेंडू हातात घ्या. हलका वाटेल. क्रिकेटचा चेंडू १५६ ग्रॅमच्या पुढे, बेसबॉल १४२ ते १४९ ग्रॅम. त्यावरचे लाल टाके मोजा. दुहेरी टाके बरोबर... १०८! जपमाळेत मणी जितके, तितकेच. कुमारच्या आजोळी हे कुणी त्याला सांगितलं असेल का, या कल्पनेनंच मला फार छान वाटतं.

आणखी एक. मेजर लीगच्या सामन्याआधी प्रत्येक कोरा चेंडू चिखलानं चोळतात. साध्या चिखलानं नव्हे! न्यू जर्सीत डेलावेअर नदीच्या परिसरातला एक खास चिखल, आणि तो नेमका कुठून काढतात ते गुपित. आपल्याकडे चेंडूची लकाकी टिकवायला पँटवर घासतात, तिकडे ती घालवायला चिखल चोपडतात. एकाचं पॉलिश, दुसऱ्याचं फेशियल.

आता महत्त्वाचं अक्षर: के. फलंदाज तीन स्ट्राइक खाऊन बाद झाला, म्हणजे ‘स्ट्राइकआउट’ झाला, की स्कोअरबुकात ‘के’ लिहितात. का? ‘स्ट्रक’ या शब्दातलं शेवटचं अक्षर म्हणून! पहिलं अक्षर ‘एस’ आधीच दुसऱ्या कशाला तरी देऊन झालं होतं. ही खूण रूढ केली हेन्री चॅडविक यांनी. आणि हे चॅडविक मूळचे इंग्लंडचे, आधी क्रिकेटचे वार्ताहर! म्हणजे बेसबॉलच्या स्कोअरबुकावर क्रिकेटवाल्याचं अक्षर. फलंदाजानं बॅट न फिरवता नुसतं बघत तिसरा स्ट्राइक सोडला, तर ‘के’ उलटा काढतात. प्रेक्षक स्टँडमध्ये ‘के’ची पोस्टर्स एकापुढे एक लावत जातात. आणि पिचरचं नावच कुमार असेल तर? के फॉर कुमार! अशी जुळणी ठरवून होत नाही.

चला, आता कॉलेजला जाऊ.

कुमारचा जन्म २२ नोव्हेंबर १९९९ चा, अलाबामातल्या माँटगोमेरीचा. शाळा जॉर्जिया राज्यात. २०१८ मध्ये शाळा संपता संपता एका मेजर लीग संघानं त्याला ड्राफ्टमध्ये निवडलं. ३८ व्या फेरीत! संघ कोणता? कोलोराडो रॉकीज. रॉकीजनी रॉकरला उचललं, पण रॉकर जागचा हलला नाही. सही केली नाही, कॉलेज निवडलं.

ड्राफ्ट म्हणजे आयपीएलचा लिलाव समजू नका हं. इथे बोली नाही, हातोडा नाही. संघ ओळीनं एकेक खेळाडूचं नाव घेतात आणि ज्यानं नाव घेतलं त्याच्याशीच खेळाडूनं पैशाचं बोलायचं. पटलं नाही तर सही नाही. आणि ३८ वी फेरी म्हणजे पंगतीत शेवटच्या पानावर वाढलेली जिलबी. तरी तिला नावं ठेवू नका. माइक पियाझा १९८८ मध्ये ६२ व्या फेरीत निवडला गेला आणि आज तो हॉल ऑफ फेममध्ये आहे!

कुमार पोहोचला नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात. तिथल्या संघाचं नाव कमोडोर्स, कारण ज्या धनिकाच्या देणगीवर १८७३ मध्ये विद्यापीठ उभं राहिलं, त्या कॉर्नेलियस व्हँडरबिल्टला लोक ‘कमोडोर’ म्हणायचे. कोच टिम कॉर्बिन. या कारखान्यातून डेव्हिड प्राइस, सनी ग्रे, वॉकर ब्युलर असे एकाहून एक पिचर बाहेर पडलेले.

आणि आता धरा खुर्ची. ८ जून २०१९.

आदल्या सामन्यात ड्यूक विद्यापीठानं व्हँडरबिल्टला १८-५ असं झोडपलेलं. तीन सामन्यांची मालिका, आणखी एक हरला की मोसम खलास. अशा वेळी चेंडू कुणाच्या हातात? फर्स्ट इयरच्या पोराच्या.

त्यानं काय केलं, माहीत आहे का? नऊ डाव टाकले. १३१ चेंडू. समोरच्या संघाला एकही हिट, म्हणजे धावून बेस गाठता येईल असा फटका, दिला नाही. एकही नाही! २७ पैकी १९ जणांना एकट्यानं स्ट्राइकआउट केलं. उरलेल्या सात क्षेत्ररक्षकांना जवळजवळ हाफ डे! व्हँडरबिल्ट ३-० नं जिंकलं.

आता आकडे बघा. वर्ष २०१९. कुमारचं वय १९. स्ट्राइकआउट १९. हा पाढा कुठल्याही शाळेत शिकवत नाहीत!

याला ‘नो-हिटर’ म्हणतात. कॉलेज बेसबॉलमध्ये सुपर रीजनल ही बाद फेरी १९९९ पासून आहे, म्हणजे कुमारच्या जन्मवर्षापासून. त्या फेरीतला हा पहिलावहिला नो-हिटर. फेरी आणि पोरगा एकाच वर्षी जन्मले आणि वीस वर्षांनी भेटले, झालं!

हत्यार कोणतं? स्लायडर. घरात टेनिसचा चेंडू असेल तर घ्या. तर्जनी आणि मधलं बोट एकमेकांना चिकटवा, चेंडूच्या मध्यावरून जरा बाहेरच्या अंगाला ठेवा, अंगठा खाली. दाब मधल्या बोटाचा. मनगट मुद्दाम पिळायचं नाही, वेगवान चेंडू टाकतो तसाच हात आणायचा. चेंडू सुटतो तो बंदुकीच्या गोळीसारखा स्वतःभोवती फिरत. फलंदाजाला आधी वाटतं सरळ आला आणि अगदी शेवटच्या क्षणी तो बाहेर आणि खाली सटकतो. बॅट एका गावाला, चेंडू दुसऱ्या. तरबेज फलंदाज म्हणतात की स्लायडर येताना चेंडूवर एक लाल ठिपका दिसतो, फिरत्या टाक्यांचा. ०.४ सेकंदात ठिपका बघायचा, ओळखायचा, ठरवायचं आणि बॅट आवरायची. करून बघा!

त्याच महिन्यात नेब्रास्कातल्या ओमाहा शहरात कॉलेज वर्ल्ड सिरीज झाली. १९५० पासून ती ओमाहातच होते. कॉलेज बेसबॉलवाल्यांचं पंढरपूर म्हणा ना! अंतिम फेरीत मिशिगनविरुद्धचा पहिला सामना व्हँडरबिल्ट हरलं. दुसऱ्यात कुमारनं ११ स्ट्राइकआउट घेतले, तिसरा संघानं जिंकला. विजेतेपद व्हँडरबिल्टला, स्पर्धेतला सर्वोत्कृष्ट खेळाडू कुमार.

मग आला कोविड. २०२० चा मोसम मार्चमध्येच गुंडाळला.

२०२१ मध्ये नवी जोडी जमली. कुमार रॉकर आणि जॅक लायटर. जॅक हा अल लायटर यांचा मुलगा, आणि अल यांनी स्वतः १९९६ मध्ये मेजर लीगमध्ये नो-हिटर टाकलेला. जॅकनंही २० मार्च २०२१ ला कॉलेजात नो-हिटर टाकला, १६ स्ट्राइकआउटसह! एकाच संघात दोन नो-हिटरवाले.

मोसम संपला. दोघांचे स्ट्राइकआउट किती? कुमार १७९. जॅक... १७९! बरोब्बर तितकेच. एक कमी नाही, एक जास्त नाही. दोस्ती असावी तर अशी.

ड्राफ्टमध्ये मात्र वाटा फुटल्या. जुलै २०२१. जॅक दुसऱ्या क्रमांकावर टेक्सास रेंजर्सकडे. कुमार दहाव्या क्रमांकावर न्यूयॉर्क मेट्सकडे. साठ लाख डॉलर ठरले अशा बातम्या आल्या, पेढे वाटायचीच तयारी. आणि मग वैद्यकीय तपासणी. हाताबद्दल मेट्सच्या मनात शंका आली. १ ऑगस्टची मुदत आली, गेली. सही झालीच नाही.

विचार करा. वय २१. कॉलेजचा हिरो. देशभर नाव. आणि हातात संघ नाही. सप्टेंबरमध्ये खांद्यावर शस्त्रक्रिया झाली. मला या सगळ्या कहाणीत सर्वांत जास्त आवडतो तो यापुढचा भाग, म्हणून इथे जरा रेंगाळू या.

कुमारनं काय केलं? फ्रंटियर लीग नावाच्या छोट्या, स्वतंत्र लीगमध्ये गेला. संघ ट्राय-सिटी व्हॅलीकॅट्स. गाव ट्रॉय, न्यूयॉर्क राज्यातलं. ट्रॉय! तेच ते, लाकडी घोड्याच्या नगरीचं नाव घेतलेलं. मोठ्या लीगच्या गडात शिरायला याहून योग्य मुक्काम कोणता? या लीगमध्ये खेळतात ते बहुतेक ड्राफ्टमधून निसटलेले किंवा संघांनी सोडून दिलेले खेळाडू. कॅमेरे कमी, प्रवास बसचा. तिथे ज्याच्या नावावर ओमाहाचं विजेतेपद होतं तो पोरगा पुढच्या उन्हाळ्यात शांतपणे चेंडू टाकायला उभा राहिला.

पाच सामने. २० डाव. ३२ स्ट्राइकआउट. बस्स. निवेदन नाही, खुलासा नाही. हात ठीक आहे का, या प्रश्नाचं उत्तर हातानंच दिलं.

आणि जुलै २०२२ च्या ड्राफ्टमध्ये? तिसऱ्या क्रमांकावर! आधी ३८ वी फेरी, मग दहावा, आता तिसरा. शिडीच शिडी, साप गायब. निवडलं कुणी? टेक्सास रेंजर्सनं. म्हणजे जॅक लायटरच्याच संघानं! १७९ आणि १७९ पुन्हा एकत्र. करार ५२ लाख डॉलरचा.

आता ही गंमत वाचाच. सही न झाल्याची भरपाई म्हणून मेट्सना २०२२ मध्ये एक जादा निवड मिळाली होती. कितवी? अकरावी. आणि कुमार गेला तिसरा. त्यांची पाळी येईपर्यंत कुमारच्या फोनवर अभिनंदनाचे मेसेज ओसंडत होते.

मेजर लीग अजून लांब बरं का! ड्राफ्टनंतर असतो मायनर लीगचा जिना. सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए. आणि या संघांची नावं म्हणजे निव्वळ धमाल. कुमारला मिळाला हिकरी क्रॉडॅड्स, नॉर्थ कॅरोलायनाचा संघ. क्रॉडॅड म्हणजे गोड्या पाण्यातला नांगीवाला प्राणी, आपल्या कोळंबीचा लांबचा भाऊ. समजा, रणजी स्पर्धेत ‘रत्नागिरी कोळंबी इलेव्हन’ उतरली!

तिथे २०२३ च्या वसंतात सहा सामने झाले आणि कोपर दुखलं. मे महिन्यात निदान आणि शस्त्रक्रिया: टॉमी जॉन.

पेपर खाली ठेवा. तळहात वर करा. अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवा. आता मनगट थोडं आत वाकवा. मनगटाच्या मधोमध दोरीसारखी एक शीर टरारून वर आली? ती शीर नव्हे, स्नायूची दोरी आहे, पामॅरिस लाँगस. साधारण सातात एकाला ती नसतेच, आणि नसल्यानं काही अडतही नाही. अडत नाही, म्हणूनच १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी अशी एक दोरी काढून टॉमी जॉन या पिचरच्या फाटलेल्या कोपरात ओवली. ज्याचं करिअर संपलं असं सगळे म्हणत होते, त्या टॉमीनं नंतर आणखी १६४ सामने जिंकले! शस्त्रक्रियेला डॉक्टरचं नाही, पेशंटचं नाव पडलं. आज ती पिचर मंडळींच्या घरात दाढ काढण्याइतकी ओळखीची. फक्त बरं व्हायला वर्षाहून जास्त लागतं.

त्या वर्षात काय झालं? १ नोव्हेंबर २०२३. टेक्सास रेंजर्सनी त्यांच्या इतिहासातली पहिली वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगचं विजेतेपद, जिंकली. कुमार तेव्हा कोपराचे व्यायाम करत होता. संघाच्या आयुष्यातली सर्वांत मोठी रात्र, आणि याच्या हातात रबराचा पट्टा.

२०२४ चा उन्हाळा. परतीचा जिना. एक थांबा फ्रिस्को, डॅलसजवळचा. माहीत आहे का, तिथल्या स्टेडियममध्ये मैदानाच्या पलीकडे चक्क पोहायची नदी आहे? टायरीत बसून पाण्यात तरंगत सामना बघायचा! वानखेडेत अशी सोय झाली तर मे महिन्यात तिकीट मिळणार नाही.

पुढचा थांबा ट्रिपल-ए. गावाचं नाव... राउंड रॉक! रॉकर राउंड रॉकमध्ये! गावाला नाव मिळालं ओढ्यातल्या एका गोल खडकावरून. संघ राउंड रॉक एक्स्प्रेस, हे नाव महान पिचर नोलन रायन यांच्या ‘रायन एक्स्प्रेस’ या टोपणनावावरून. रायनचे स्ट्राइकआउट ५,७१४. नो-हिटर सात! सातवा टाकला तेव्हा वय होतं ४४. अशा गावात शेवटची पायरी चढायची म्हणजे देवळाच्या उंबऱ्यावर डोकं टेकून आत जाण्यासारखं.

आणि १२ सप्टेंबर २०२४. सिॲटल. मेजर लीगच्या ढिगावर कुमार रॉकर, वय २४. चार डाव, सात के. ड्यूकविरुद्धच्या त्या रात्रीला पाच वर्षं तीन महिने झाले होते.

तुलना हवी? पॉल स्कीन्स घ्या. लुइझियाना स्टेट विद्यापीठाचा पिचर, जुलै २०२३ मध्ये ड्राफ्टमध्ये पहिला, मे २०२४ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सकडून मैदानात, जुलैत ऑल-स्टार सामन्यात आपल्या संघाचा सुरुवातीचा पिचर तोच, २०२५ मध्ये सर्वोत्कृष्ट पिचरचा साय यंग पुरस्कार. सुपरफास्ट, मधे कुठे थांबा नाही. कुमारची मात्र पॅसेंजर, प्रत्येक स्टेशन घेणारी. मला पॅसेंजर जास्त भावते, कारण खिडकीतून सगळं दिसतं.

पायरेट्सवरून आठवलं! याच संघानं २००८ मध्ये दोन भारतीय पोरांना करारबद्ध केलं होतं, माहीत आहे का? उत्तर प्रदेशचे रिंकू सिंह आणि दिनेश पटेल. दोघंही भालाफेकपटू. एका टॅलेंट हंटमधून निवडले गेले, तोवर हातात बेसबॉल धरलेला नव्हता. त्यांच्यावर ‘मिलियन डॉलर आर्म’ हा सिनेमा निघाला, संगीत ए. आर. रेहमानचं. रिंकू मायनर लीगमध्ये खेळला आणि पुढे डब्ल्यूडब्ल्यूईच्या रिंगणात ‘वीर महान’ म्हणून गाजला. भाला, बेसबॉल, कुस्ती... एका हातानं किती खेळ करायचे!

मराठी कनेक्शन हवंच? रेंजर्सचं मैदान आर्लिंग्टनमध्ये, डॅलसच्या शेजारी. तिथे मराठी मंडळींची चांगलीच वस्ती. बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन डॅलसमध्ये झालं ते कोणत्या साली? २०१९! पुन्हा एकोणीस!

२०२५ च्या एप्रिलमध्ये एंजल्स संघाविरुद्ध कुमारनं मेजर लीगमधला पहिला विजय नोंदवला. तो मोसम सोपा नव्हता. दुखापत आली, फटके बसले, राउंड रॉकचा तो गोल खडक पुन्हा बघावा लागला. ज्या पोरानं ट्रॉयच्या त्या छोट्या मैदानात उभं राहून नव्यानं सुरुवात केली, त्याच्यासाठी हा रस्ता पाठ आहे.

तर शेवटची टीप, उपयोगाची. आर्लिंग्टनमध्ये संध्याकाळी ७ वाजून ५ मिनिटांनी सामना सुरू होतो, तेव्हा उन्हाळ्याच्या वेळेनुसार आपल्याकडे पहाटेचे ५ वाजून ३५ मिनिटं झालेली असतात. आधण ठेवा, मोबाइलवर स्कोअर उघडा. पिचरच्या रकान्यात ‘रॉकर’ दिसला, की पुढचा ‘के’चा आकडा बघा. चहा उकळेपर्यंत एखादा तरी वाढतोच!